शुक्राणूला वाट कळते, पण फक्त शेवटच्या टप्प्यात

प्रश्न असा आला आहे: "मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. 'स्त्रीबीजातून निघणाऱ्या रसायनांकडे शुक्राणू आकर्षित होतात' हे वाक्य दर वर्षी वर्गात सांगते आणि पुढे जाते. यंदा एका मुलाने विचारलं, त्याला नाक नाही, मेंदू नाही, मग कळतं कसं? मला सांगता आलं नाही. दुसरा प्रश्न घरचा आहे. माझ्या मेहुण्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी आयव्हीएफमध्ये बहिणीच्या सात बीजांपैकी एकही फलित झालं नाही. या आकर्षणाशी त्याचा काही संबंध असेल का?"

मॅडम, घरचा प्रश्न शेवटी घेते, कारण त्याचं उत्तर पहिल्या प्रश्नाच्या पोटातच आहे. मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, 22 वर्षं आयव्हीएफच्या लॅबमध्ये बसतेय. गंमत म्हणजे तुम्ही ज्या गोष्टीबद्दल विचारलंय ती टाळून गर्भ तयार करणं हाच आमचा धंदा. शुक्राणूने बीज शोधायचं, हा भाग आम्ही वगळूनच टाकलेला असतो.

त्या मुलाला काही सांगण्याआधी फळ्यावरचं शर्यतीचं चित्र पुसून टाका. कोट्यवधी शुक्राणू 'सावधान, पळा' म्हटल्यासारखे सुटतात आणि पहिला येईल तो जिंकतो, असं काही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत एका वेळच्या वीर्यातल्या एकूण शुक्राणूंची खालची मर्यादा 3 कोटी 90 लाख दिली आहे. बीज ट्यूबच्या, म्हणजे बीजवाहिनीच्या, ज्या रुंद भागात थांबलेलं असतं तिथे एका वेळी सापडतात ते फार तर काही शेकडा. मधली गळती वेग कमी पडला म्हणून होत नाही. योनीतल्या आम्लात, गर्भाशयमुखाच्या चिकट स्रावात, पांढऱ्या पेशींच्या तावडीत बहुतेक जण संपतात. गर्भाशय जे पार होतं तेही बरंचसं स्वतःच्या पोहण्याने नाही, गर्भाशयाच्या स्नायूंच्या लाटांनी. शुक्राणूचा वेग सेकंदाला साधारण 50 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), जवळपास स्वतःच्या लांबीएवढा. सरळ रेषेत पोहला तरी 15 सेंटिमीटरला पाऊण तासाच्या वर लागेल, आणि सरळ रेषेत तो कधीच पोहत नाही. तरी काही शुक्राणू मिनिटांतच ट्यूबमध्ये पोचलेले आढळतात, ते या लाटांमुळे.

मग ट्यूबच्या सुरुवातीच्या अरुंद भागात मुक्काम. इथे शुक्राणू अस्तराच्या पेशींना डोकं टेकवून चिकटून बसतात. गाई-डुकरांमध्ये हे फार स्पष्ट दिसतं, माणसाचे शुक्राणूही अस्तराला असेच चिकटतात. ही वाट पाहण्याची जागा. आणि याच काळात ते 'पिकतात'. शास्त्रीय शब्द कपॅसिटेशन. मराठीत त्याला चांगला शब्द मला मिळाला नाही, म्हणून लॅबमध्ये नव्या मुलींना मी 'पिकणं' असंच सांगते. ताजा बाहेर आलेला शुक्राणू कितीही जोरात वळवळत असला तरी कच्चा असतो, बीजात शिरू शकत नाही. हे चँग आणि ऑस्टिन या दोघांनी 1951 मध्ये वेगवेगळं दाखवलं. त्याच्या पडद्यावरचं कोलेस्टेरॉल थोडं निघून जावं लागतं, आतला पीएच वाढावा लागतो, शेपटीची चाल बदलावी लागते.

पुढचा मुद्दा मात्र तुमच्या पुस्तकात नसेल, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मूळ तिथेच आहे. एका वेळी पिकलेले शुक्राणू साधारण दहातला एक, बहुतेकदा त्याहूनही कमी. पिकलेपण टिकतं तास ते चार तास. मग तो उतरतो आणि पुन्हा पिकत नाही. तोवर दुसरे पिकलेले असतात. म्हणजे एकदम सगळा माल बाजारात न आणता आढीतले आंबे रोज थोडे थोडे निघावेत, तशी ही व्यवस्था. बीज सुटल्यावर जेमतेम दिवसभर टिकतं आणि ते नेमकं कधी सुटेल हे शुक्राणूला माहीत नसतं, तेव्हा कुठल्याही घटकेला थोडे तरी तयार असणं महत्त्वाचं. आणि रसायनाकडे वळतात ते फक्त हे पिकलेलेच. कच्च्यांना ते जाणवतच नाही. म्हणून मला वाटतं, 'बीज शुक्राणूंना बोलावतं' यापेक्षा 'आसपास पोचलेल्यांतून बीज तयार असलेले तेवढे उचलतं' हे वाक्य खऱ्याच्या जास्त जवळ आहे.

आता त्या मुलाचा 'कसं'.

याचा शोध माणसात नाही, नेच्यात लागला. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या ओल्या कातळांवर, जुन्या विहिरींच्या कठड्यांवर नेचे उगवतात. त्यांच्या आयुष्यात एक टप्पा असा असतो, की सगळं झाड म्हणजे नखाएवढं हिरवं बदामी पान, जमिनीला चिकटलेलं. त्याच्या खालच्या अंगाला मादीचे भाग आणि नराचे भाग. पावसाच्या पाण्याचा पातळ पापुद्रा पसरला की नेच्याचे शुक्राणू त्यातून पोहत मादीभागाकडे जातात. विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1884 मध्ये केसासारख्या बारीक काचनळ्यांत वेगवेगळी द्रव्यं भरून त्या नळ्या या पाण्यात टेकवल्या. मॅलिक आम्ल भरलेल्या नळीत शुक्राणू झुंडीने शिरले. मॅलिक आम्ल म्हणजे सफरचंदाला आंबटपणा देणारं आम्ल, काही दुर्मीळ चीज नव्हे. वर्गात दाखवायला मला हे उदाहरण फार आवडतं. मुलांनी पाहिलेलं झाड आहे आणि शरीराचा विषय आला की मागच्या बाकांवर जी खसखस पिकते तीही टळते.

पण यंत्रणा उलगडली ती सी-अर्चिनमध्ये. रत्नागिरी-मालवणकडच्या खडकांत ओहोटीला काळे काटेरी गोळे दिसतात, त्या जातकुळीतला हा प्राणी. मादी बीजं थेट समुद्रात सोडते, नर शुक्राणूही समुद्रातच. तिथे ना ट्यूब, ना अस्तर, ना स्नायूंच्या लाटा, सगळी भिस्त रसायनावर. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आर्बेशिया नावाची जात मिळते. तिच्या बीजाभोवतीच्या जेलीतून रेसॅक्ट नावाचा फक्त 14 अमिनो आम्लांचा तुकडा पाण्यात पसरतो. शुक्राणू त्याच्याकडे वळतात हे 1985 मध्ये स्वच्छ दाखवलं गेलं.

आता कल्पना करा. शुक्राणू जवळपास 50 मायक्रॉन लांब. बीजाच्या बाजूला रेसॅक्ट जास्त, पलीकडे कमी. पण त्याच्या डोक्याशी किती आणि शेपटीशी किती, हा फरक इतका किरकोळ की पाण्यातल्या कणांच्या नुसत्या धक्काबुक्कीत तो बुडून जाईल. एका जागी राहून 'इकडे जास्त, तिकडे कमी' हे त्याला कळणं शक्य नाही. मग तो तुलना करतो ती दोन जागांची नाही, दोन क्षणांची. वीज गेलेल्या वाड्यात रातराणी कुठे फुललीय हे शोधायचं असेल तर आपण काय करतो? चार पावलं चालतो. वास वाढला तर तसेच पुढे, कमी झाला तर वळतो. आत्ताचा वास आणि मघाचा वास, एवढीच तुलना.

सी-अर्चिनचा शुक्राणू काचेजवळ गोल गोल पोहतो, मोकळ्या पाण्यात स्प्रिंगसारखा. एक चक्कर साधारण सेकंदाची. चकरेतला अर्धा भाग बीजाच्या बाजूने जातो, अर्धा पलीकडून. म्हणजे प्रत्येक फेरीत रेसॅक्ट वाढतं, कमी होतं, पुन्हा वाढतं. हा चढउतार त्याला कळतो. रेसॅक्टचा कण शेपटीवरच्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटला की आत सायक्लिक जीएमपी नावाचं निरोप पोचवणारं द्रव्य बनतं. त्याने पेशीच्या पडद्यातल्या पोटॅशियमच्या खिडक्या उघडतात, पोटॅशियम बाहेर जातं आणि पेशी आतून जास्त ऋणभारित होते. मग प्रोटॉन बाहेर फेकले जातात, आतला पीएच वाढतो, आणि शेवटी कॅल्शियमची खिडकी उघडते. कॅल्शियम आत घुसलं की शेपूट एका अंगाला जास्त वाकते, शुक्राणू झटक्यात वळतो. कॅल्शियम ओसरलं की सरळ धाव. पुन्हा झटका, पुन्हा धाव. नेमका झटका कुठे बसतो यावर सगळं अवलंबून आहे. सियोना नावाच्या, खडकाला चिकटून राहणाऱ्या पिशवीसारख्या समुद्रजीवात जपानी संशोधकांनी 2008 मध्ये हे मोजलं. चकरेत रसायन जिथे सगळ्यात कमी असतं त्या टोकाशी कॅल्शियम उसळतं, म्हणजे शुक्राणू सगळ्यात चुकीच्या जागी असताना वळतो आणि मग चांगल्या दिशेने सरळ सुटतो.

जर्मनीतल्या बेन्यामिन काउप यांच्या गटाने याच्यावर एक सुरेख प्रयोग केला. रेसॅक्टला रासायनिक टोपडं घालून निकामी करायचं, ते सगळ्या पाण्यात मिसळायचं, आणि मधोमध प्रकाशाचा झोत टाकायचा. झोतात टोपडं गळतं, तेवढ्याच जागी रेसॅक्ट मोकळं होतं. मघापर्यंत जागच्या जागी घिरट्या घालणारे शुक्राणू त्या ठिपक्याभोवती गोळा होतात. बीज नाही, बीजाचं काही नाही, नुसता प्रकाशाचा ठिपका. याच गटाने हेही दाखवलं की रेसॅक्टचा एकच कण चिकटला तरी शुक्राणूच्या आत मोजता येण्याजोगा बदल होतो.

त्या मुलाला सांगा, मेंदू लागत नाही. एक खिडकी लागते, कण चिकटणं आणि खिडकी उघडणं यांत थोडा उशीर लागतो आणि एका बाजूला वाकणारी शेपूट लागते.

माणसाकडे येऊ. इथे माझं रोजचं काम मधे येतं, म्हणून थोडी रेंगाळते.

बीज काढायच्या दिवशी डॉक्टर अल्ट्रासाउंडवर बघत सुईने अंडाशयातल्या फॉलिकलमधलं, म्हणजे बीज ज्या पिशवीत वाढतं तिच्यातलं, पाणी ओढतात आणि ते गरम टेस्ट ट्यूबमधून माझ्या हातात येतं. पिवळसर पाणी, कधी रक्ताने लाल. ते पसरट बशीत ओतून मी शोधते. बीज डोळ्यांना दिसत नाही, ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं असतं. दिसतो तो त्याच्याभोवतीच्या पेशींचा ढग, भिजून फुगलेल्या साबुदाण्यासारखा, पारदर्शक आणि चिकट. पिपेटने उचलायला गेलं की तार येते. हा ढग म्हणजे क्युम्युलस पेशी. बीज सुटतं ते एकटं नाही, हा सगळा पसारा अंगाभोवती घेऊन.

1991 मध्ये इस्रायलमधल्या रेहोवोतच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये मायकेल आयझेनबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच फॉलिकलचं पाणी माणसाच्या शुक्राणूंसमोर ठेवलं. शुक्राणू त्याच्याकडे वळले. त्यातही सगळ्या फॉलिकलचं पाणी सारखं नव्हतं. ज्या फॉलिकलमधलं बीज नंतर फलित होऊ शकलं, त्याच्या पाण्याची ओढ आणि फलनाची क्षमता यांचा मेळ बसत होता. सस्तन प्राण्यांत असलं काही असतं यावर तोवर बहुतेकांचा विश्वास नव्हता.

विश्वास नसण्याला कारणही होतं. मी लॅबमध्ये नवी असताना उत्साहाने हा प्रयोग करून पाहिला होता. बारीक नळीत फॉलिकलचं पाणी, बाहेर शुक्राणू, अर्ध्या तासाने मोजणी. साध्या माध्यमाच्या नळीपेक्षा जवळपास दुप्पट शुक्राणू जमले. मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. आमच्या मॅडमनी शांतपणे सांगितलं, आता नळीत आणि बाहेर, दोन्हीकडे तेच पाणी भर. भरलं. तरीही शुक्राणू जमले, जवळपास तेवढेच! आत-बाहेर फरकच नाही, म्हणजे दिशा नाही, तरी गर्दी. त्या पाण्याने शुक्राणूंचा वेग वाढला होता, त्यामुळे जास्त जण नळीच्या तोंडाशी धडकले, आणि आत गेल्यावर शेपटीची चाल बदलून तिथेच अडकले. गर्दी जमली म्हणजे ओढ आहे असं होत नाही. सिग्नलला गाड्या जमतात, त्या काही सिग्नलच्या ओढीने नाही. ओढ सिद्ध करायला एकेका शुक्राणूचा माग काढून तो कुठे वळला ते बघावं लागतं. या विषयावरची कुठलीही बातमी वाचताना मी आधी एवढंच बघते, की मोजलं काय, गर्दी की वळण.

माणसात रसायन कुठलं? आज सगळ्यात भक्कम उमेदवार प्रोजेस्टेरॉन. हो, तेच, गर्भ टिकावा म्हणून ज्याच्या गोळ्या देतात. क्युम्युलसच्या पेशी ते बनवत राहतात, म्हणून फॉलिकल फुटून गेल्यावरही बीजाभोवती त्याचं वलय असतं. शुक्राणू वळायला लागतं ते अगदी नाममात्र, पिकोमोलर प्रमाणात. फॉलिकलच्या पाण्यात त्याच्या लाखो पट असतं. म्हणजे वलयाच्या अगदी बाहेरच्या, विरळ कडेला दिशा मिळते. आत जावं तसं प्रमाण वाढत जातं आणि तेच रसायन वेगळं काम करतं, शेपटीला चाबकासारखे फटके मारायला लावतं. त्याशिवाय ढगातून आणि बीजाच्या कवचातून आत घुसणं जमत नाही.

इथे एक कोडं होतं. प्रोजेस्टेरॉन एरवी पेशीच्या केंद्रकात जाऊन जनुकांवर काम करतं, त्याला तास लागतात. शुक्राणूचा डीएनए इतका गच्च बांधलेला असतो की त्यातलं काही वाचताच येत नाही, आणि परिणाम तर सेकंदात दिसतो. कोडं सुटलं ते कॅटस्परमुळे. ही शुक्राणूच्या शेपटीतली कॅल्शियमची खिडकी. शरीरात दुसरीकडे कुठेच ती नसते. 2001 मध्ये डेव्हिड क्लॅफम यांच्या गटाने ती शोधली. शेपटीच्या लांबीवर तिच्या चार रांगा असतात. 2011 मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं, की माणसात प्रोजेस्टेरॉन हीच खिडकी उघडतं. 2016 मध्ये त्यातली कडीही सापडली. एरवी शुक्राणूच्या पडद्यातलं एक स्निग्ध द्रव्य खिडकी बंद ठेवतं. प्रोजेस्टेरॉन आलं की एबीएचडी2 नावाचं विकर (एन्झाइम) ते द्रव्य तोडून टाकतं आणि खिडकी मोकळी होते. हे द्रव्य आपल्याच शरीरात बनतं आणि गांजा मेंदूतल्या ज्या ग्राहकांवर बसतो त्यांच्यावरच बसतं. वर्गात हे सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

उंदराची खिडकी मात्र प्रोजेस्टेरॉनने उघडत नाही. उंदरात दिसलेलं माणसाला लावताना म्हणून जपून.

सी-अर्चिन आणि माणूस यांत आणखी एक फरक आहे, तो मला फार बोलका वाटतो. समुद्रात शेजारी शेजारी अनेक जातींची बीजं सुटतात, तेव्हा प्रत्येक जातीचं रसायन वेगळं ठेवावं लागतं. आर्बेशियाचं रेसॅक्ट दुसऱ्या जातीच्या शुक्राणूला कळत नाही. आपल्यात मीलन शरीराच्या आत, परक्या जातीचा प्रश्नच नाही. त्यामुळे माणूस आणि ससा यांचे शुक्राणू एकमेकांच्या, इतकंच काय गाईच्याही, फॉलिकलच्या पाण्याकडे वळतात. जिथे पत्ता चुकण्याची भीती नाही तिथे पत्ता फार बारकाईने लिहिलेला नाही.

आणि हा पत्ता दुरून वाचता येत नाहीच. ट्यूब सतत आकुंचन पावत असते, आतलं पाणी घुसळत असतं. अशा ठिकाणी रसायनाचा चढ काही मिलिमीटरांपलीकडे टिकत नाही. त्याआधीच्या टप्प्याला दुसऱ्या खुणा आहेत. सशांमध्ये ट्यूबचा अरुंद भाग रुंद भागापेक्षा साधारण 2 अंशांनी थंड असतो, आणि पिकलेले शुक्राणू उबेच्या दिशेने जातात असं रेहोवोतच्याच गटाने 2003 मध्ये दाखवलं. शिवाय ट्यूबमधलं पाणी गर्भाशयाकडे वाहतं आणि शुक्राणू प्रवाहाविरुद्ध तोंड करून पोहतात, पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्याने वर चढतात तसे. आधी प्रवाह आणि ऊब, मग अगदी जवळ आल्यावर रसायन, असा क्रम मला पटतो.

मुलं एक गोष्ट नक्की इंटरनेटवरून आणतील, तेव्हा आधीच सांगते. 2003 मध्ये जर्मनीतल्या एका गटाने दाखवलं की शुक्राणूंवर नाकातल्यासारखा वासाचा ग्राहक असतो आणि ते बुर्जोनाल या अत्तरातल्या रसायनाकडे वळतात. त्याचा वास लिली ऑफ द व्हॅली या फुलासारखा. जगभर मथळे आले, शुक्राणूला नाक आहे! मीही तेव्हा नातेवाइकांना ऐकवलं होतं. 2012 मध्ये दुसऱ्या एका गटाने तपासलं तर बुर्जोनाल बऱ्याच जास्त प्रमाणात असेल तर ते कॅटस्परची खिडकीच थेट उघडतं, त्याला वासाच्या ग्राहकाची गरज पडत नाही. शिवाय हे अत्तराच्या कारखान्यात बनणारं रसायन, स्त्रीच्या ट्यूबमध्ये ते कुठून येणार? नाकाची गोष्ट म्हणून मी आता सांगत नाही.

2020 मध्ये आणखी एक अभ्यास गाजला. स्टॉकहोम आणि मँचेस्टरच्या संशोधकांनी वेगवेगळ्या जोडप्यांचं फॉलिकलचं पाणी आणि शुक्राणू आलटून पालटून एकत्र आणले. एकीचं पाणी काही पुरुषांचे शुक्राणू जास्त गोळा करत होतं, आणि तो पुरुष तिचा नवराच असेल असं नव्हतं. याचं 'तुमची बीजंच जुळत नाहीत' असं भाषांतर करून सांगणारे लोक मला भेटले आहेत. अभ्यासात मोजले ते पाण्यात जमलेले शुक्राणू, झालेली गर्भधारणा नव्हे. एखाद्या जोडप्याला यावरून काही सांगणं मला मुळीच मान्य नाही.

तसंच प्रोजेस्टेरॉनचं. 'ते शुक्राणूंना ओढतं ना, मग लवकर सुरू करू का गोळ्या?' हा प्रश्न मला किमान दहा जणींनी विचारला असेल. दिशा कळते ती कमी-जास्तीच्या फरकातून. सगळीकडे सारखंच प्रोजेस्टेरॉन झालं तर दिशाच पुसली जाते. वर, बीज सुटण्याआधी ते घेतलं तर गर्भाशयमुखाचा स्राव घट्ट होतो आणि शुक्राणू दारातच अडतात. काही गर्भनिरोधक गोळ्या नेमक्या याच मार्गाने काम करतात. डॉक्टरांनी ज्या दिवसापासून सांगितलं असेल त्या दिवसापासूनच घ्यायचं.

आता तुमच्या बहिणीचं.

साध्या आयव्हीएफमध्ये आम्ही बीज माध्यमाच्या थेंबात ठेवतो आणि भोवती हजारो तयार शुक्राणू सोडतो. शोधायचं काही उरतच नाही, बीज शुक्राणूंच्या गराड्यात असतं. मायक्रोस्कोपखाली दिसतं, की तासा-दोन तासांत साबुदाण्याचा तो ढग कडेने विरघळायला लागतो. तेव्हा एकही बीज फलित झालं नाही याचं कारण 'शुक्राणूंना वाट सापडली नाही' हे असू शकत नाही. पण संबंध नाही असंही नाही. वाट दाखवणारी कॅल्शियमची खिडकी आणि कवच फोडायला लागणारे चाबकाचे फटके देणारी खिडकी एकच, कॅटस्पर. काही पुरुषांत तिच्या जनुकांमध्ये बिघाड असतो. त्यांचा काउंट चांगला, मोटिलिटी चांगली, आकार चांगला, नेहमीच्या वीर्यतपासणीत काहीच दिसत नाही, कारण त्या तपासणीत कच्च्या शुक्राणूंची साधी पोहण्याची चाल मोजतात. फटके मारायची वेळ येते तेव्हा मात्र ते साधंच पोहत राहतात. अशा वेळी घरी, आययूआयमध्ये (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडतात तो उपचार) आणि साध्या आयव्हीएफमध्येही अपयश येतं. असे पुरुष थोडे असतात. तुमच्या मेहुण्यांना हेच आहे असं मी म्हणत नाही, आणि आमच्या लॅबमध्ये रोजच्या कामात याची तपासणी होत नाही. इतर कारणं जास्त वेळा आढळतात: बीजं पुरती तयार नसणं, कवचात दोष असणं, शुक्राणू आत जाऊनही बीज जागं न होणं.

म्हणून बहिणीला सांगा, क्लिनिकमध्ये जाऊन डॉक्टरांबरोबर एम्ब्रियॉलॉजिस्टचीही दहा मिनिटं मागायची आणि तीन गोष्टी विचारायच्या. सातांपैकी परिपक्व बीजं किती होती? दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे 16 ते 18 तासांनी, तपासलं तेव्हा कवचाला शुक्राणू चिकटलेले दिसले का? आणि एखाद्या बीजाच्या आत शुक्राणू गेल्याची काही खूण होती का? या नोंदी लॅबच्या कागदावर असतात, असायला हव्यात. परिपक्व बीजं दोनच असतील तर प्रश्न औषधांच्या मात्रेचा आणि वेळेचा. बीजं तयार होती पण कवचावर शुक्राणूच नाहीत, किंवा आहेत पण आत एकही गेला नाही, तर शंका शुक्राणूकडे किंवा कवचाकडे जाते. आत जाऊनही पुढे काही झालं नसेल तर बीज जागं होण्याचा प्रश्न, त्याचे उपाय वेगळे. आणि मेहुण्यांना 'तुमच्यातच दोष' असं घरात कुणी ऐकवत असेल तर त्यांना आधी गप्प करा. त्या कागदाशिवाय कुणालाच ते सांगता येणार नाही.

पुढच्या वेळी डॉक्टर बहुतेक इक्सी सुचवतील, म्हणजे एकच शुक्राणू सुईने थेट बीजात सोडणं. 1992 मध्ये ब्रसेल्सहून त्याची पहिली बाळं जाहीर झाली. ते करताना मी काय करते ते सांगते, म्हणजे एवढा वेळ जे लिहिलं ते तुमच्या डोळ्यांसमोर येईल. दाट चिकट द्रवाच्या थेंबात शुक्राणू सोडते, त्यांची चाल मंदावते. एक बरा दिसणारा निवडते. मग सुईचं टोक त्याच्या शेपटीवर आडवं ठेवून बशीच्या तळाशी दाबते आणि ओढते. शेपटीला कायमचा बाक येतो, शुक्राणू जागच्या जागी थांबतो. ज्या शेपटीत कॅटस्परच्या चार रांगा असतात, तीच आम्ही पहिल्यांदा मोडतो. मग त्याला शेपटीकडून सुईत ओढते आणि बीजाकडे वळते.